जुन्या कॉम्प्युटरवरचा शेकडो जीबी डेटा नव्यावर कसा आणायचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. २०१७ च्या आधीच्या बहुतेक कॉम्प्युटरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, त्यामुळे घराघरांत आणि दुकानादुकानांत नवे लॅपटॉप आलेत. त्यांच्या मागोमाग प्रश्न येतो: जुन्यावरचं सगळं यावर आणायचं कसं? लॅपटॉपबरोबर कुणी ‘डेटा ट्रान्सफर’ करून दिला, तरी बरेचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच येतं. काय राहिलं ते सहा महिन्यांनी कळतं, आणि तोवर जुना डबा भंगारात गेलेला असतो.

हे काम घरी करता येतं. अवघड काही नाही, वेळखाऊ आहे. आपण धरून चालू की जुना कॉम्प्युटर विंडोज ७ ते १० पैकी काहीतरी आहे, नवा विंडोज ११ चा आहे आणि न्यायचा माल दोन-चारशे जीबी आहे. लग्नाचे व्हिडिओ, मोबाइलमधून उतरवलेले फोटो, हिशेबाच्या फायली, मराठीत टाइप केलेली जुनी कागदपत्रं, असं सगळं त्यात आलं.

सुरुवातीलाच एक सांगतो, ते शेवटपर्यंत पाळा: कट-पेस्ट करायचं नाही. फक्त कॉपी. जुन्या कॉम्प्युटरवरची एकही फाइल काम पूर्ण तपासून होईपर्यंत हलवायची नाही, पुसायची नाही, ‘जरा आवरून ठेवू’ म्हणून तिचं नावही बदलायचं नाही.

आधी शोधाशोध

केबल हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. जुन्या कॉम्प्युटरवर काय कुठे आहे याची यादी करायची आहे, आणि खरा वेळ इथे द्यायचा. आपल्याला वाटतं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. प्रत्यक्षात निम्मं डेस्कटॉपवर असतं, थोडं डाउनलोड्समध्ये आणि काही ‘न्यू फोल्डर’च्या आतल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये.

विनडर्स्टॅट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते चालवलं की कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते रंगीत चौकोनांत दिसतं. मोठे चौकोन बघत गेलात की विसरलेल्या गोष्टी वर येतात. २०१४ च्या मुंजीचं कच्चं शूटिंग, मोबाइलचा कधीतरी घेतलेला बॅकअप, मुलाच्या गेमचं चाळीस जीबीचं फोल्डर. गेम नेऊ नका, नव्यावर परत इन्स्टॉल करता येतो. सॉफ्टवेअरचंही तेच. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर उचलून नव्या कॉम्प्युटरवर ठेवलं म्हणजे सॉफ्टवेअर आलं असं होत नाही. ते नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

यादी करताना हमखास सुटणाऱ्या जागा:

सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये एकाहून जास्त नावं आहेत का बघा. मुलीने कॉलेजात असताना वेगळं अकाउंट काढलेलं असतं आणि तिचे प्रोजेक्ट त्यात पडून असतात. ‘पब्लिक’ नावाचं फोल्डरही उघडा. आउटलुक वापरत असाल तर त्याच्या पीएसटी फायली (यांत तुमचे मेल साठवलेले असतात) शोधा. त्या कधी डॉक्युमेंट्समध्ये असतात, कधी ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात. विंडोज १० मध्ये लपवलेली फोल्डर दिसण्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करावी लागते.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, चालू असेल तर आणखी एक घोळ होतो. फाइलच्या शेजारी ढगाचं चित्र दिसलं तर ती फाइल डिस्कवर नाहीच, इंटरनेटवर आहे. दिसते मात्र नेहमीसारखी. कॉपी करायला गेलात की ती आधी उतरवली जाते आणि तुम्ही विचार करत बसता की हे एवढं हळू का चाललंय. अशा फायली नव्या कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने लॉगिन केलं की आपोआप दिसतील. त्या यादीतून वगळा.

मावेल का?

हा प्रश्न विचारायचा राहून जातो. जुन्या डेस्कटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क असते आणि नव्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे आत चकती न फिरणारी वेगवान डिस्क. नवा म्हणजे मोठा, हे इथे खरं नाही. त्यात कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि ५१२ ची एसएसडी ४७६. त्यातून विंडोज आणि सॉफ्टवेअरची जागा वजा करा आणि थोडी मोकळीही ठेवा, कारण गच्च भरलेली एसएसडी हळू चालते.

म्हणजे दोन भाग पाडावे लागणार: रोज लागणारं नव्या कॉम्प्युटरवर आणि बाकीचं एका चांगल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. माझं मत विचाराल तर ती डिस्क तशीही घ्याच. तुमचे फोटो एकाच ठिकाणी असतील तर ते सुरक्षित नाहीत, मग ती जागा कितीही नवी असो.

रस्ता निवडणं

इथे एक हिशेब समजून घेतला की निर्णय आपोआप होतो. इंटरनेटचा आणि नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ‘१०० एमबीपीएस’चं कनेक्शन सेकंदाला साधारण १२ एमबीच नेतं, तेही अपलोडचा वेग तेवढाच असेल तर.

५०० जीबी न्यायचे आहेत असं धरा. सेकंदाला १२ एमबीने जवळजवळ बारा तास लागतात, आणि इंटरनेटवरून नेलं तर आधी चढवायला आणि मग उतरवायला, म्हणजे दुप्पट. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंमध्ये वाटलेली. तेव्हा एवढ्या डेटासाठी क्लाउडचा विचार सोडा. जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावलेली डिस्क सेकंदाला ३०-३५ एमबी देते: चार-साडेचार तास. यूएसबी ३.० ला लावलेली, आत चकती फिरणारी साधी हार्ड डिस्क शंभराच्या आसपास देते, म्हणजे दीड तासाच्या आतबाहेर. गिगाबिट लॅन केबलही सेकंदाला ११० एमबीपर्यंत जाते. वायफायचं काही सांगता येत नाही. राउटरच्या शेजारी बसलात आणि दोन्ही कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर असले तर बरं चालतं. जुना लॅपटॉप २.४ वरच चालणारा असेल तर सेकंदाला चार-पाच एमबीवर रखडतं आणि एका दिवसाहून जास्त वेळ जातो.

हे सगळे आकडे मोठ्या फायलींचे. वीस जीबीचा एक व्हिडिओ आणि वीस जीबीचे लाखभर छोटे फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोतं उचलून ठेवणं वेगळं आणि तेवढेच दाणे एकेक करून वेचणं वेगळं. प्रत्येक फाइलमागे नाव लिहिणं, तारीख लिहिणं, अँटिव्हायरसने बघणं हे सगळं होतं. त्यामुळे स्क्रीनवरचा वेग १०० वरून २ वर आला तर घाबरू नका, छोट्या फायलींचं फोल्डर आलेलं असतं. अशी फोल्डरं सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने एकेक गठ्ठा करून नेली तर काम लवकर होतं. गठ्ठा करताना कॉम्प्रेशनच्या जागी ‘स्टोअर’ निवडा. फोटो आणि व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, ते आणखी लहान होत नाहीत आणि उगीच तास जातो.

दहा-वीस फायलीच न्यायच्या असतील तर मात्र केबल-डिस्कच्या भानगडीत पडू नका. दोन्हीकडे लोकलसेंड हे फुकट सॉफ्टवेअर टाका, एकाच वायफायवर जोडा आणि पाठवा.

एक्स्टर्नल डिस्कने

बहुतेकांसाठी हाच रस्ता बरा. डिस्क जुन्याला लावा, कॉपी करा, काढा, नव्याला लावा. काम दोनदा होतं, पण डिस्कवर एक प्रत आपसूक राहते.

पोर्ट बघून लावा. यूएसबी ३.० चं पोर्ट बहुतेक वेळा आतून निळं असतं किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असते. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टपेक्षा मागचं पोर्ट घ्या, ते थेट मदरबोर्डवर असतं. पुढच्या पोर्टच्या आतल्या वायरी ढिल्या असल्या की डिस्क मध्येच गायब होते.

आता नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. डिस्कवर दोनशे जीबी मोकळे आहेत आणि सहा जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलात तर विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. डिस्क बिघडलेली नाही. ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे आणि त्या पद्धतीत एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. पेन ड्राइव्हवर हे हमखास होतं. डिस्कवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘फाइल सिस्टिम’समोर काय लिहिलंय ते वाचा. फॅट३२ असेल तर त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे ठेवून ती नव्याने फॉरमॅट करा. फॉरमॅट म्हणजे त्यावरचं सगळं पुसणं, हे दोनदा वाचा. दोन्हीकडे विंडोज असेल तर एनटीएफएस निवडा. घरात मॅकही असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण त्यावर सहजासहजी लिहीत नाही.

काहीशे रुपयांत ‘२ टीबी पेन ड्राइव्ह’ ऑनलाइन दिसला तर हात लावू नका. असे ड्राइव्ह आत ३२ किंवा ६४ जीबीचे असतात आणि विंडोजला खोटा आकडा सांगतात. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते, फायलींची नावंही दिसतात, उघडायला गेलं की आत काही नसतं. नवी डिस्क घेतलीत आणि शंका असेल तर एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर ती पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतं.

आणखी एक सूचना. दोन्हीकडे चपटं टोक असलेली साधी यूएसबी केबल दोन कॉम्प्युटरना जोडू नका. त्याने डेटा जात नाही, उलट दोन्हीकडचा करंट एकमेकांत जाऊन पोर्ट जळू शकतं. दोन कॉम्प्युटर जोडायची यूएसबी केबल वेगळी मिळते; तिच्या मध्ये एक छोटी डबी असते.

लॅन केबलने

डिस्क घ्यायची नसेल किंवा डेटा फार असेल तर ही उत्तम पद्धत. घरच्या ब्रॉडबँडच्या राउटरला मागे तीन-चार लॅन पोर्ट असतात. दोन्ही कॉम्प्युटर केबलने त्या पोर्टांना जोडा. यात इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. फाइल या कॉम्प्युटरमधून राउटरमध्ये आणि तिथून त्या कॉम्प्युटरमध्ये जाते, घराबाहेर पडत नाही. नव्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट लॅन ॲडॉप्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत अशी वस्तू सहज मिळते.

जोडल्यावर नव्यावर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क’, मग ‘इथरनेट’ उघडा आणि ‘लिंक स्पीड’ बघा. १००० दिसायला हवेत. १०० दिसत असतील तर केबल जुनी आहे, तिची एखादी तार तुटलीय किंवा राउटरचं वा कॉम्प्युटरचं पोर्टच तेवढं आहे. राउटर हळू असेल तर तो मधून काढा आणि एकच केबल या कॉम्प्युटरमधून त्या कॉम्प्युटरमध्ये लावा. पूर्वी यासाठी क्रॉस केबल लागायची. गिगाबिट पोर्ट असेल तर साधी चालते.

पुढचं क्रमाने करा.

१. दोन्हीकडे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोज दुसऱ्या कॉम्प्युटरला दारातच अडवतं.

२. जुन्यावर एक तात्पुरतं लोकल अकाउंट काढा. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं. आणि त्याला पासवर्ड द्याच. पासवर्ड नसलेल्या अकाउंटने नेटवर्कवरून आत जाता येत नाही, आणि लॉगिनचा चार आकडी पिन इथे चालत नाही. निम्मे लोक याच पायरीवर अडकतात.

३. जुन्यावर जे फोल्डर न्यायचं त्यावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘शेअरिंग’, ‘शेअर’. यादीतून ते तात्पुरतं अकाउंट निवडा आणि परवानगी ‘रीड’ ठेवा. वाचायचीच परवानगी असली की नव्यावरून चुकून जुन्यातलं काही पुसलं जाणार नाही.

४. नव्यावर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन जुन्या कॉम्प्युटरचं नाव टाका. नावाने सापडला नाही तर जुन्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा आणि नावाऐवजी तो आयपी पत्ता टाका. थेट केबल असेल तर तो १६९.२५४ ने सुरू होतो. तेही बरोबरच आहे.

५. नाव-पासवर्ड विचारेल. तिथे जुन्यावरचं ते तात्पुरतं अकाउंट द्यायचं, नव्यावरचं नाही.

६. फोल्डर दिसलं की कॉपी करून नव्यावर पेस्ट करा.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, म्हणजे काही विचारणार नाही’ असा सल्ला अनेक व्हिडिओंत मिळतो. एकतर तो धोक्याचा, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून असं बिनपासवर्डाचं शिरणं बरेचदा चालतही नाही. जुना कॉम्प्युटर थेट एक्सपीच्या काळातला असेल तर लॅनचा नाद सोडून डिस्कच वापरा. एक्सपी नेटवर्कवर जी जुनी पद्धत बोलतो ती विंडोज ११ मध्ये मुळात बसवलेलीच नसते.

जुना चालूच होत नसेल तर

कॉम्प्युटर मेला म्हणजे डिस्क मेली असं नाही. बहुतेकदा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेलेला असतो. डिस्क काढा आणि साटा-टू-यूएसबी कन्व्हर्टरने (आतली डिस्क यूएसबी पोर्टला जोडणारी केबल) नव्याला लावा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते; डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, तो असलेला कन्व्हर्टर मागून घ्या. चपट्या पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी असेल तर तिचं वेगळं कव्हर लागतं, साटाचं चालत नाही.

तुमच्याच नावाचं फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असा निरोप येईल. ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा. फायली खूप असतील तर बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहील. आणि जर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने तो लॅपटॉप सुरू केला होता त्या अकाउंटवर साठवलेली असते. मुलाने लॅपटॉप सुरू करून दिला होता का, हे त्याला विचारा.

डिस्क ‘टक्-टक्’ आवाज करत असेल, तर मात्र ‘सगळं कॉपी करू’ म्हणत बसू नका. ती किती वेळ टिकेल सांगता येत नाही. ज्याच्याशिवाय चालणारच नाही ते आधी: फोटो, हिशेब, कागदपत्रं. सिनेमे शेवटी, किंवा नाहीच. एकही फाइल वाचता येत नसेल तर डिस्क बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. चालू-बंद करत राहण्याने नुकसान वाढतं.

कॉपी चालू असताना

दोन्हीकडे ‘स्लीप’ बंद करा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, झाकण उघडं ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. आपल्याकडे दुपारी वीज जाणं काही नवं नाही. चारशे जीबी एकदम निवडून पेस्ट करण्यापेक्षा एकेक मोठं फोल्डर घ्या आणि झालं की यादीत खूण करा. बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं.

मध्येच वीज गेली तर परत कॉपी लावताना ‘स्किप’ म्हणायचा मोह होतो. त्याआधी जी फाइल त्या वेळी जात होती ती नव्यावरून पुसा. विंडोज मोठ्या फाइलची जागा आधीच अडवून ठेवतं, त्यामुळे अर्धवट गेलेल्या व्हिडिओचाही आकार पुरा दिसू शकतो. ‘स्किप’ केलंत तर तो अर्धाच व्हिडिओ कायमचा राहील.

‘याच नावाची फाइल आहे, बदलू का?’ असं विचारलं तर हात आवरा. कॅमेरे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, त्यामुळे महाबळेश्वरच्या सहलीत आणि धाकट्याच्या बारशात एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असतात. ‘रिप्लेस’ दाबलं की एक गेला. म्हणून जुन्यातलं प्रत्येक ठिकाण नव्यावर स्वतंत्र फोल्डरात उतरवा: ‘जुना-डेस्कटॉप’, ‘जुना-डी’, ‘जुनी-पेन ड्राइव्ह’. एकत्र करणं, आवरणं नंतर निवांतपणे.

हे फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. पत्ता २६० अक्षरांपेक्षा लांब झाला तर विंडोज कुरकुरतं, आणि आपल्याकडे फायलींना निमंत्रणपत्रिकेएवढी लांब नावं द्यायची सवय असते.

एक्सप्लोररचं कॉपी पुरेसं आहे, पण हजारो फायली असतील तर टेराकॉपी वापरा. घरगुती वापराला फुकट आहे, कुठली फाइल गेली नाही त्याची यादी देतं आणि कॉपी झाल्यावर पडताळूनही बघतं. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड आणखी दणकट आहे. परत चालवली की आधी गेलेल्या फायली सोडून पुढे जाते. फक्त तिच्यातला ‘मिरर’ हा पर्याय नवख्याने वापरू नये. मूळ ठिकाणी जे नाही ते तो दुसऱ्या ठिकाणाहून पुसून टाकतो.

तारखा बघून दचकू नका. ‘क्रिएटेड’ आजची दिसेल, ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते, आणि फोटो काढल्याची तारीख फोटोच्या पोटात असते, ती हलत नाही.

मराठी फायली, टॅली आणि इतर

युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आधी किंवा युनिकोड न वापरता टाइप केलेल्या मराठी फायली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. लोक म्हणतात फाइल करप्ट झाली. झालेली नसते. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव, सुरेख असल्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वरचा चेहरा तेवढा देवनागरी. फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं.

उपाय सोपा आहे, पण जुना कॉम्प्युटर हातात असेतोवरच. जुन्याच्या सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’ आणि त्यात ‘फॉन्ट्स’ फोल्डर उघडा, मराठी फॉन्ट निवडून एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करा आणि ते फोल्डर बरोबर न्या. नव्यावर सगळे निवडून राइट क्लिक, ‘इन्स्टॉल’. वाचण्यापुरतं एवढं पुरतं. त्याच फॉन्टमध्ये टाइपही करायचं असेल तर मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचं लायसन्स नव्यावर लागेल. डोंगल (लायसन्स म्हणून यूएसबीला लावायची छोटी डबी) असेल तर तो सांभाळून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं: ज्या फायली पुढे फक्त वाचायच्या किंवा छापायच्या आहेत, त्यांची जुन्यावरच पीडीएफ करून घ्या. विंडोज १० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ आयताच असतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. छापखान्यात काम करणाऱ्यांनी तर हे आधी करावं. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका आजच्या इनडिझाइनमध्ये उघडत नाहीत. सोसायटीची घटना, संस्थेचे ठराव, आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी, सगळ्याची एकेक पीडीएफ काढा. एक रविवार जाईल, जाऊ द्या.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर उचलून नेता येतो, पण टॅलीतच ‘बॅकअप’ घेऊन नव्यावर ‘रिस्टोअर’ करणं जास्त भरवशाचं. टॅलीप्राइममध्ये तो पर्याय वरच्या ‘डेटा’ मेन्यूत आहे. कंपन्या एकाहून जास्त असतील तर सगळ्या निवडल्यात ना, ते बघा. गेल्या वर्षी बंद केलेल्या फर्मचा डेटाही लागतो. नव्यावर उघडून ताळेबंदाचा शेवटचा आकडा जुन्याशी जुळवा. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर नव्यावर टाकावा लागतो. सही टोकनमध्येच असते, कॉम्प्युटरवर नाही.

ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड फायलींतून शोधू नका. जुन्यावर अकाउंटने ‘सिंक’ चालू करा, नव्यावर त्याच अकाउंटने लॉगिन करा.

तपासणी

जुन्यावरच्या आणि नव्यावरच्या फोल्डरचे ‘प्रॉपर्टीज’ शेजारी शेजारी उघडा. फायलींची संख्या आणि ‘साइज’ जुळायला हवं, कंसातल्या बाइटपर्यंत. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळं दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. दोन-चार फायलींचा फरक असेल तर तो बहुधा विंडोजने स्वतः करून ठेवलेल्या लपलेल्या फायलींचा असतो. शंभराचा असेल तर शोधा.

आकडे जुळले तरी थोडं उघडून बघा. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरातले दोन-तीन फोटो पूर्ण स्क्रीनवर, आणि मोठे व्हिडिओ सुरुवातीला नाही तर शेवटच्या मिनिटापाशी नेऊन. अर्धवट गेलेला व्हिडिओ सुरुवातीला छान चालतो. एखादी फाइल फारच मोलाची असेल तर सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेन्यूतून दोन्हीकडे तिचा एसएचए-२५६, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेली खूण, काढा. एका बाइटचा फरक असला तरी ती अक्षरांची माळ वेगळी येते.

जुन्याचं काय

निदान महिनाभर तो तसाच राहू द्या. एखादं रिटर्न भरताना, प्रवेशाचा अर्ज करताना राहिलेली फाइल आठवते. तो महिना गेला की आधी लायसन्स सोडवा. टॅलीचं ‘सरेंडर’ करायला विसरलात तर नव्यावर ॲक्टिव्हेट करताना अडेल. इतर विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘डीॲक्टिव्हेट’ किंवा ‘साइन आउट’ असतं.

कॉम्प्युटर कुणाला द्यायचा असेल तर नुसतं ‘डिलीट’ पुरत नाही, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फायली परत येतात. विंडोज १० मध्ये ‘रिसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा, आणि पुढच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा आणि सगळ्या ड्राइव्हवरचं काढण्याचा, असे दोन्ही पर्याय चालू करा. फक्त विंडोजचा ड्राइव्ह निवडलात तर डी ड्राइव्ह जसाच्या तसा नव्या मालकाकडे जातो. मोठ्या, चकतीच्या डिस्कला यात बरेच तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. भंगारात द्यायचा असेल तर डिस्क काढून घ्या आणि उरलेला डबा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. डिस्क चांगली असेल तर एका यूएसबी कव्हरमध्ये घाला. बॅकअपसाठी ती आणखी काही वर्षं चालेल.